जुने इंजिन आणि कुशल हात
म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला; तथापि तेथील येझदी मोटारसायकली आजही धावतात. सिलिंडर झिजल्यास तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. ती कमी राहिल्यास तापलेला पिस्टन जाम होतो. अधिक राहिल्यास दाब गळतो. म्हणूनच मालक अनुभवी कारागीर शोधत फिरतो. हे कौशल्य बहुधा उस्तादाच्या हाताखाली शिकले जाते. त्याचे प्रमाणपत्र नसते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अशा पूर्वार्जित कौशल्याच्या मान्यतेची तरतूद करण्यात आली. मात्र प्रमाणपत्राने कारागीर ओळखला जातो, घडत नाही. त्यासाठी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चा लाभ लहान कार्यशाळांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.