बाळाने मान फिरवली तर…

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आता आई-बाप झाले आहेत. त्यांच्यासाठी हा विषय निवडला आहे.

तीन-चार महिन्यांचे बाळ आईकडे पाहून हसत असते आणि मध्येच मान फिरवते. आई चुटक्या वाजवते, आवाज चढवते. बाळ अखेर रडू लागते. ‘याला मी नकोच’ असा समज तिच्या मनात घर करतो. वस्तुतः बाळ थकलेले असते. पाहणे, ऐकणे, हसणे हे त्याच्या दृष्टीने श्रमच आहेत. नजर वळवून ते विसावा घेते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली ही लय मांडली. आई थोडी थांबली की बहुधा बाळच तिच्याकडे वळते.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. खेळता खेळता आईने दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ हसते, हात पुढे करते, हुंकारते; उपाय थकले की पाहणेच सोडते. मला मात्र त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. निरोगी माता-बालकांचाही सूर जुळलेला काळ सुमारे ३० टक्केच आढळला. उरलेला वेळ चुकामुकीत आणि ती सांधण्यात जातो. तुटलेले पुन्हा जुळते, आणि त्यात आपलाही हात असतो, हा विश्वास बाळाला या सांधण्यातूनच मिळतो.

प्रयोगात आई पुन्हा हसू लागली तरी बाळ लगेच खुलत नाही, हेही ध्यानात घ्यावे. मजुरीवरून सायंकाळी परतलेल्या आईला पाहून नऊ महिन्यांचे लेकरू आजीच्या खांद्यात तोंड लपवते. ‘विसरलं बघा आईला’ असे कोणी सहज बोलून जाते आणि दिवसभर राबलेल्या त्या बाईच्या काळजाला घरे पडतात. ते विसरलेले नसते. त्याला वेळ हवा असतो. ओढून घेऊ नये. शेजारी बसावे, नाव घेऊन बोलावे, त्याचा हात पुढे येईपर्यंत थांबावे. बापानेही हेच करावे.

परंतु बाळंतिणीचा चेहराच दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, निर्विकार राहिला, तर त्यास ‘नखरे’ म्हणणे हा अन्याय आहे. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार असून त्यावर उपचार आहेत. तिला दोष न देता डॉक्टरांकडे न्यावे. आणि ती सावरेपर्यंत बाळाशी हसण्या-बोलण्याचे काम घरातल्या इतरांनी अंगावर घ्यावे.