भिंतीवरील वेली कशा ओळखाव्या?

पावसाळा सरत आला म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यांतील बागांच्या दगडी भिंती वेलींनीं झांकून जातात. दुरून त्या सर्व एकसारख्याच दिसतात, आणि येथेंच मनुष्य फसतो. आमच्या वर्गांतील एक मुलगा एकदां आजीच्या तापावर काढा करण्यासाठीं शाळेच्या भिंतीवरून गुळवेल तोडून नेत होता. पानें हृदयाच्या आकाराचीं होतीं खरीं. पण देंठ मोडतांच पांढरा चीक आला. ती गुळवेल नव्हती, उतरण होती. आणि उतरण ओकारी आणणारी आहे. म्हणून हा पाठ.

केवळ पानाच्या आकारावरून वेलीचें नांव ठरवूं नये. तीन प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : वेल चढते कशी? चार्ल्स डार्विन यानें १८६५ सालीं वेलींवर निबंध प्रसिद्ध केला, त्यांत चढण्याच्या रीतीवरूनच त्यांचे वर्ग पाडले आहेत. गुळवेल, उतरण, गोकर्ण व गुंज यांचें खोडच आधारास वेढे घालतें. तोंडली व शिवलिंगी दोऱ्यासारख्या तणाव्यांनीं आधार धरतात. तोंडलीचा तणावा एकेरी, तर शिवलिंगीचा दुभागलेला असतो. बोगनवेल कांट्यांच्या मदतीनें रेलत वर जाते.

दुसरा प्रश्न : पानांची मांडणी कशी? गुळवेलीचीं पानें एकाआड एक येतात, उतरणीचीं समोरासमोर जोडीनें. गोकर्णाच्या एका पानांत बहुधा ५ ते ७ पर्णिका असतात. गुंजेचें पान चिंचेच्या पानासारखें, बारीक पर्णिकांच्या पुष्कळ जोड्यांचें असतें.

तिसरा प्रश्न : खोड कसें आहे? गुळवेलीच्या जुन्या खोडाची साल कागदासारखी पातळ निघते व आंत हिरवा रंग दिसतो. खोड आडवें कापलें असतां चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, आणि फांद्यांवरून सुतळीसारखीं लांब मुळें खालीं लोंबतात. उतरणीचा चीक तर सांगितलाच. तिच्या जोडफळांवर मऊ कांटे असतात, आणि तीं उकललीं म्हणजे आंतून रेशमी म्हातारी उडते.

गुंजेविषयीं पालकांस विशेष सांगणें आहे. पूर्वीं सोनार जिनें सोनें तोलीत, तीच ही तांबडी, काळ्या डोळ्याची बी. तिच्यांत अब्रिन नांवाचें जहाल विष आहे. अखंड बी गिळली तर पुष्कळदां ती तशीच पडून जाते. परंतु चावलेली किंवा माळेसाठीं भोंक पाडलेली बी प्राणघातक ठरूं शकते. मुलानें ती तोंडांत घातल्यास लक्षणांची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

ओळखीचा हा प्रश्न पंडितांनाही सुटलेला नाहीं. कोविडच्या सांथींत गुळवेलीचा काढा घरोघर शिजला. २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं ती घेतलेल्या ६ रुग्णांस यकृताचा विकार झाल्याचें प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें २०२२ सालीं उत्तर दिलें, कीं गुळवेल निर्धोक आहे. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल अपाय करूं शकते. वाद शेवटीं ओळखीवरच येऊन ठेपला! यास्तव वेल बिनचूक ओळखली तरी जाणत्या डॉक्टरास विचारल्यावांचून ती पोटांत घेऊं नये.

दिवाळीच्या सुटींत प्रत्येकानें आपल्या घराजवळच्या पांच वेली पाहाव्या, वहींत तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं, व नांव सर्वांच्या शेवटीं लिहावें. खात्री नसेल तेथें नांवाची जागा कोरी सोडावी. चुकीच्या नांवापेक्षां ती कोरी जागा आम्हांस अधिक आवडेल.