आधी पाणी मोजा, मग पैसे

वीस गॅलनच्या, म्हणजे साधारण ७५ लिटरच्या टाकीतलं हॅमर कोरल दोन दिवस मिटून बसलं, की अमेरिकेतल्या दुकानात त्यावर पहिला उपाय हातात पडतो तो बाटलीचा. वीस डॉलर, निळं देखणं लेबल, आत अमिनो आम्लं किंवा सूक्ष्मद्रव्यं. ती घेऊ नका, निदान आज तरी नको. दुखणं बहुतेक वेळा पाण्यात, उजेडात नाहीतर प्रवाहात असतं आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही. खर्च करायचाच तर आधी मोजमापाच्या साधनांवर करा. इथल्या किमती अमेरिकेतल्या आणि अंदाजे आहेत.

मुळात कोरल खरंच आजारी आहे का, हेही बघायला हवं. लेदर कोरल मधूनमधून अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं, चार-आठ दिवस मिटून राहतं आणि तो टाकून पुन्हा उघडतं. नवीन आणलेलं कोरल आठवडाभर रुसलेलंच असतं. हॅमर रात्री आक्रसतं. यात पैसे घालण्यासारखं काही नाही. काळजी करायची ती मांस मागे सरून सांगाड्याची पांढरी धार दिसू लागली, रंग उडून कोरल फटफटीत झालं किंवा त्यावर तपकिरी चिकट द्रव साचला तर.

पहिली खरेदी खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरची. पंचवीस-तीस डॉलरला मिळतो; वर दहा डॉलरचं ३५ पीपीटीचं प्रमाण द्रावण घ्या. काचेवर त्याचे दोन थेंब टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरून बघा. निळ्या-पांढऱ्याची सीमा ३५ वर नसेल तर छोट्या स्क्रूने ती तिथे आणा. मग टाकीतलं पाणी. खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे सापेक्ष घनता १.०२५-१.०२६, असायला हवा. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात हीटिंगने घरातली हवा कोरडी पडते आणि छोट्या टाकीतलं पाणी भराभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्याने घालायची. पातळी खाली गेली म्हणून खारं पाणी ओतणारे आठवडाभरात ३८-३९ वर पोचतात आणि कोरल का मिटलं म्हणून दिव्याला दोष देतात. खारटपणा चढला असेल तर दोन-तीन दिवस घेऊन खाली आणा, एका दुपारीत नव्हे.

हे शुद्ध पाणी नळाचं नको. त्यात क्लोरामिन असू शकतं आणि जुन्या नळांमधून तांबं येऊ शकतं. तांबं कोरलला विषच. माशांच्या दुकानात गाळून शुद्ध केलेलं ‘आरओडीआय’ पाणी गॅलनला साधारण अर्धा ते एक डॉलर पडतं. घरी यंत्र बसवायचं तर शंभर ते दीडशे. टाकी एकच आणि छोटी असेल तर विकतचं पाणी परवडतं. फक्त कॅन वाहून आणायची तयारी हवी.

दुसरा खर्च अल्कलिनिटी मोजायच्या संचाचा: थेंबांचा वीस डॉलरला, आकडा दाखवणारं छोटं यंत्र साठच्या आसपास. आठ-नऊ डीकेएच चांगलं. सात किंवा दहालाही कोरल जगतं. मारतात ते हेलकावे. सोमवारी सात, गुरुवारी दहा, असं झालं की हॅमरचं मांस सांगाडा सोडू लागतं. आकडा कमी असेल तर त्यासाठी बाटली कशाला हवी? डोशाच्या पिठात घालतो तो खाण्याचा सोडा चालतो. बेकिंग पावडर मात्र नव्हे. टाकीत प्रत्यक्ष ६५ लिटर पाणी धरलं तर दोन ग्रॅम सोड्याने सुमारे एक डीकेएच वाढते. शुद्ध पाण्यात विरघळवून सावकाश घाला आणि दिवसात एकापेक्षा जास्त वाढवू नका.

नायट्रेट आणि फॉस्फेटच्या बाबतीत गंमत उलटी आहे. शून्य आलं की लोक खूश होतात, पण कोरलला थोडं दोन्ही लागतं: नायट्रेट पाच-दहा पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. दोन्ही शून्य असतील तर शोषक रसायनं काढून टाका आणि माशांना जरा जास्त खायला घाला. तापमान २५-२६ सेल्सिअस. हीटर अडकून चालूच राहण्याचा धोका छोट्या टाकीत मोठा, म्हणून चाळीसेक डॉलरचा स्वतंत्र नियंत्रक मला चैन वाटत नाही.

उजेड आणि प्रवाह यांचे उपाय तर फुकटच आहेत. नवा एलईडी पूर्ण ताकदीने लावला असेल तर निम्म्यावर आणा आणि महिनाभरात हळूहळू चढवा. हॅमरच्या शुंडिका डुलायला हव्यात. एकाच बाजूला आडव्या पडत असतील तर पंपाचं तोंड फिरवा. शेजारी टॉर्च कोरल असेल तर वीतभर अंतर ठेवा, ते रात्री लांब शुंडिका सोडून डंख मारतं. लेदर आणि कठीण कोरलं एकाच टाकीत असतील तर दहा-पंधरा डॉलरचा सक्रिय कोळसा घालावा. लेदर पाण्यात जी रसायनं सोडतं ती त्यात शोषली जातात.

तपकिरी चिकट द्रव आणि कुजका वास मात्र वाट पाहू देत नाही. नळीने तो ओढून काढा, कोरल वेगळ्या भांड्यात घ्या, पंधरा डॉलरच्या आयोडीन द्रावणात बाटलीवरच्या वेळेइतकं बुडवा आणि सडलेलं डोकं फांदीपासून कापून टाका. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. झोअँथिड जातीचं कोरल असेल तर दुप्पट सावध राहा: त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. असा दगड उकळणं किंवा गरम पाण्याखाली घासणं म्हणजे वाफेतून घरातल्या सगळ्यांना रुग्णालयात धाडणं.

आता हिशोब. मोजमापाची साधनं साठ ते शंभर डॉलर, एकदाच. दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे दोन गॅलन, पाणी बदलायचं तर मीठ आणि पाणी धरून दोन-तीन डॉलर. ऐंशी ते दीडशेचा आपोआप पाणी भरणारा पंप मी तिसरी खरेदी म्हणून सुचवेन. कोरलचा तुकडा चाळीसचा आणि त्याच्यासाठी चारशेचा दिवा, हे नाकापेक्षा मोती जड. महिनाभर आकडे स्थिर राहूनही ते उघडलं नाही, तर दुकानदाराला परत घेतोस का विचारा. काही जण दुकानात क्रेडिट देतात.

डिसेंबरात भारतवारी असेल तर आपोआप पाणी भरणाऱ्या पंपाची किंमत तेव्हाच वसूल होते. शेजाऱ्याकडे किल्ली देताना खाण्याचा डबा देऊ नका. दिवसाचं खाणं औषधाच्या सात खणांच्या डबीत मोजून ठेवा. आणि तिकडच्या भाच्याला भेट म्हणून तुकडा बॅगेत टाकायचा विचारही नको. कठीण प्रवाळ देशांच्या सीमा ओलांडताना साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराखालचा परवाना लागतो. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते भारतात अनुसूची एकमध्ये आहे. शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला मेलेला तुकडाही याच कायद्यात येतो, तेव्हा परतीच्या बॅगेतही तो नको.