इंजिन उघडण्याआधी ब्रीदरचा पाइप बघा

दिल्लीकडच्या गॅरेजात ‘इंजन बैक मार रहा है’, म्हणजे आतला वायू उलटा बाहेर फेकतंय, हे वाक्य कानावर पडलं की छोट्या गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो. पाठोपाठ ‘रिंग गयी, हाफ इंजन करना पड़ेगा’ येतं आणि मग आकडा. आमची नोएडातली गाडी लहानशीच, तीन सिलिंडरची, सीएनजीवर धावणारी. ऐन थंडीत पार्किंगमध्ये तिच्याखाली तेलाचे डाग पडू लागले, एअर फिल्टर तेलानं भिजला आणि सिग्नलला उभी असताना इंजिनाचे फेरे आपोआप वरखाली होऊ लागले. गॅरेजातून निदान आलं ते हेच. एवढा खर्च करण्याआधी दुसऱ्याला दाखवावी म्हणून गाडी करोल बागेतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली, म्हणून इंजिन वाचलं. दोष होता टॅपेट कव्हरवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हमध्ये आणि बोटभर जाडीच्या रबरी पाइपात.

पिस्टनच्या रिंगा नव्याकोऱ्या असल्या तरी जळत्या वायूचा थोडा भाग त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात न जळलेलं इंधन असतं, पाण्याची वाफ असते, आणि तिथे तेलाचे सूक्ष्म थेंब त्याच्यात मिसळतात. हा वायू कोंडला की दाब वाढतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं: टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, क्रँकच्या ऑइल सीलमधून, कधी डिपस्टिक वर ढकलून. म्हणून या वायूला दोन वाटा दिलेल्या असतात, यांनाच ब्रीदर म्हणतात. एक पाइप टॅपेट कव्हरवरच्या त्या छोट्या व्हॉल्व्हमधून, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, इनटेक मॅनिफोल्डला जातो. इंजिन आयडलिंगला असताना मॅनिफोल्डची ओढ जबरदस्त असते. ती हा वायू खेचून पुन्हा जाळायला नेते, आणि किती खेचायचा ते व्हॉल्व्ह ठरवतो. दुसरा पाइप एअर फिल्टरकडून टॅपेट कव्हरला येतो आणि आत गाळलेली ताजी हवा सोडतो. मात्र एसी लावून, गाडी भरून फ्लायओव्हर चढताना मॅनिफोल्डची ओढ पडते आणि रिंगांवरून उतरणारा वायू वाढतो. तेव्हा जास्तीचा वायू या दुसऱ्या पाइपातून उलटा एअर फिल्टरच्या बाजूला जातो. त्यामुळे त्या पाइपात तेलाचा पुसट हात लागणं स्वाभाविक आहे. फिल्टर ओलाचिंब होणं नाही.

त्या मिस्त्रीनं आधी कम्प्रेशन गेज लावून तिन्ही सिलिंडर मोजले. आकडे चांगले होते आणि एकमेकांच्या जवळ होते, म्हणजे रिंगा शाबूत. मग इंजिन चालू ठेवून त्यानं पीसीव्ही व्हॉल्व्ह उपसला आणि मला त्याच्या टोकावर बोट धरायला सांगितलं. काहीच ओढ लागली नाही. व्हॉल्व्ह कानाशी हलवला, आवाज नाही. आतली सुई काळ्या चिकट गाळात रुतून बसली होती. पाइप वरून धडका दिसत होता, पण मॅनिफोल्डकडचं टोक क्लिपमधून सोडवून वाकवलं तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला बारीक चिरा उघडल्या. ‘यहाँ से हवा ले रही थी, मैडम.’ वरखाली होणारे फेरे तिथून होते आणि तेलाचे डाग व्हॉल्व्हमुळे. नवा व्हॉल्व्ह लावल्यावर बोट टोकावर टेकवताच ते चिकटून ओढलं गेलं.

दिल्लीची हवा या पाइपांना दोन्ही ऋतूंत छळते. मे-जूनमध्ये बाहेरच ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. रबर कडक होऊन चिरतं. थंडीत घर ते मेट्रो स्टेशन एवढ्याच फेऱ्या झाल्या तर तेल पुरेसं तापत नाही, आतली वाफ उडून न जाता पाणी होऊन तेलात मिसळते. सीएनजी जळताना पेट्रोलपेक्षा जास्त पाणी तयार होतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना हा त्रास अधिक. तेल भरायच्या झाकणाच्या आत ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर दिसला, तर आधी ब्रीदरकडे बघा. (कूलंट कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केटही तपासून घ्या.) आठवड्यातून एकदा तरी गाडी चांगली लांब पळवा. आणि किलोमीटर कमी झाले तरी तेल मुदतीत बदला.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. दुसरा पाइप सतत तेल ओकतो म्हणून काही जण तो फिल्टरकडून काढून खाली लोंबता सोडतात आणि तिकडचं भोक बुजवतात. फिल्टर कोरडा राहतो, पीयूसीही मिळते, कारण तपासणीची नळी फक्त सायलेन्सरमध्ये जाते. पण त्यातून येणारा विषारी वायू रस्त्यावर येतो, तोही या शहरात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात मोटारींच्या धुरावर पहिला इलाज झाला तो याच वायूवर. मोटारींसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ८३ क्रमांकाच्या नियमावलीत यासाठी वेगळी चाचणी आहे: डिपस्टिकच्या भोकातून क्रँककेसचा दाब मोजतात, आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त भरला तर तिथे सुमारे ५ लिटरची पिशवी जोडून ५ मिनिटं बघतात. पिशवी फुगता कामा नये. आपल्याकडेही क्रँककेसमधून वायू बाहेर सुटू नये ही अट मान्यतेच्या चाचण्यांत आहे. त्या मानेसरच्या आयकॅटमध्ये, पुण्याच्या एआरएआयमध्ये होतात. लोंबता पाइप म्हणजे ती अट घरच्या घरी मोडणं.

पाइप बदलताना तेलाला टिकणारा, मूळ वळणाचाच घ्या. काश्मिरी गेटच्या बाजारात मिळतो. पाण्याचा साधा पाइप तेलानं फुगतो आणि ओढीनं चपटा होतो. सरळ पाइप वाकवून बसवला तर कोपऱ्यात मुडपतो. व्हॉल्व्ह त्याच इंजिनाचा हवा, दुसऱ्या गाडीचा बसला तरी त्याचं माप वेगळं असतं. चालू इंजिनावर तपासताना ओढणी, बाही पट्ट्यापासून लांब ठेवा. आणि कम्प्रेशन खरोखरच कमी निघालं, इंजिनाचं काम करावंच लागलं, तरी त्याच वेळी व्हॉल्व्ह आणि दोन्ही पाइप नवे टाकायला सांगा. नाहीतर नवे ऑइल सीलही त्याच दाबानं पुन्हा गळतील.