इटलीच्या स्वयंपाकघरांतील एक धडा

रोजचें रात्रीचें जेवण आपण इतकें गृहीत धरतों कीं, तें पानांत पडेपर्यंत कोणाचे हात भाजले, कोणाची कंबर किती वेळ वांकली, ह्याचा विचार जेवणाऱ्याच्या मनांत क्वचितच येतो. सणावारच्या पक्वान्नांची वाखाणणी होते. परंतु सारीं माणसें दिवसभराच्या कामानें शिणून घरीं आलीं असतां एखाद्या बुधवारीं वा गुरुवारीं जें अन्न शिजतें, त्याचें कौतुक कोण करतो? म्हणून आम्हीं ह्या लेखांत परदेशांतील अशाच एका साध्या जेवणाचा पाठ वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. पदार्थ आहे घरीं केलेला ताजा पास्ता आणि टोमॅटोच्या रश्शांत शिजविलेले खिम्याचे गोळे. त्यांत कृति तर आहेच. पण कृतीच्या पोटांत थोडा इतिहास, थोडें शास्त्र आणि गृहव्यवस्थेचा एक मोठा धडा आहे.

प्रथम इतिहास पाहूं. पास्ता ह्या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ मळलेली कणीक असाच आहे. हा पदार्थ मार्को पोलोनें चीनहून इटलींत आणला, अशी कथा पुष्कळांच्या कानांवर आली असेल. परंतु ती खरी नव्हे. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ सालीं. आणि अल् इद्रिसी ह्या भूगोलकारानें ११५४ सालीं पुऱ्या केलेल्या आपल्या अरबी ग्रंथांत सिसिली बेटावरील त्राबिया गांवीं शेवयांसारखा पदार्थ विपुल तयार होऊन जहाजांतून दूरदूरच्या मुलुखांत जातो, असें लिहून ठेविलें आहे. म्हणजे मार्को पोलोच्या जन्मापूर्वींच इटलींतील लोक हें अन्न करीत होते.

इटलीच्या दक्षिण भागांत कठीण गव्हाचा रवा नुसत्या पाण्यांत मळून पास्ता करण्याची व तो वाळवून ठेवण्याची चाल आहे. आपल्याकडे शेवयांसाठीं जो बन्सी गहूं वाखाणला जातो, तोही ह्याच कठीण जातीचा होय. उत्तरेकडे बोलोन्या शहराच्या आसपास मात्र मऊ गव्हाचें बारीक पीठ घेऊन तें अंड्यांत मळतात, आणि ताज्या पोळीच्या पट्ट्या कापून लगेच शिजवितात. ह्या पट्ट्यांना ताल्यातेल्ले म्हणतात. आमचा आजचा पाठ ह्या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

खिम्याच्या गोळ्यांना इटालियन भाषेंत पोल्पेत्ते असें नांव आहे. हा मूळचा काटकसरीचा पदार्थ. पेल्लेग्रीनो आर्तूझी ह्यांच्या १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या विख्यात पाकशास्त्रांत हे गोळे उरलेल्या उकडलेल्या मांसाचे सांगितले आहेत. मांस थोडें आणि खाणारीं तोंडें अनेक, तेव्हां त्यांत शिळा पाव मिसळून तें पुरवावयाचें, ही गरिबाघरची युक्ति. इटलींत हे गोळे बहुधा निराळे वाढतात. अब्रुत्सो प्रांतांतील तेरामो येथें मात्र वाटाण्याएवढे चिमुकले गोळे पास्त्यांत घालण्याची जुनी रीत आहे. मोठे गोळे आणि पास्ता एकाच ताटांत वाढण्याची चाल रूढ केली ती अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या इटालियन कुटुंबांनीं. १८८० ते १९२४ ह्या काळांत सुमारें चाळीस लक्ष इटालियन लोक संयुक्त संस्थानांत गेले. त्यांतील बहुतेक दक्षिणेकडील गरीब शेतकरी व मजूर होते. मायदेशीं त्यांना मांस क्वचित् दिसे; नव्या देशांत तें मजुरीच्या पैशांत परवडूं लागलें. गोळ्यांचा आकार वाढला तो त्यामुळें. एका अर्थीं हें ताट म्हणजे उपाशी माणसाला पोटभर अन्न मिळाल्याची खूण आहे.

आतां आमच्या फजितीची हकीकत सांगतों, कारण तिच्यांतूनच आम्ही शिकलों. आम्हीं पूर्वीं हा पदार्थ घरीं करविला, तेव्हां सारें काम एकट्या आईवर पडलें. वडील वर्तमानपत्र घेऊन बसले होते, थोरली बहीण व आम्ही पुस्तकें उघडून बसलों होतों, आणि मधून मधून "झालें का?" एवढेंच काय तें आमचें साहाय्य! घाईमुळें आईनें कणीक मळतांच लाटावयास घेतली. पोळी रबराप्रमाणें आंखडूं लागली व जाडजूड राहिली. गोळ्यांत पाव घातला नव्हता. ते सुपारीसारखे टणक झाले. रस्सा सर्वांच्या शेवटीं शेगडीवर चढला. साडेदहा वाजतां पानें वाढलीं, तेव्हां धाकटा भाऊ पाटावरच झोपीं गेला होता. आणि आई जेवावयास बसली तेव्हां तिच्या पानांतील अन्न थंडगार झालें होतें. त्या रात्रीं कोणी कांहीं बोललें नाहीं. पण आम्हां सर्वांस लाज वाटली. आठ दिवसांनीं आम्हीं तेंच जेवण पुन्हां करावयाचें ठरविलें, पण निराळ्या रीतीनें.

चार मोठीं माणसें व एक लहान मूल ह्यांना पुरेल असें प्रमाण पुढें देत आहों.

पास्त्यासाठीं: बारीक मैदा ४०० ग्रॅम, अंडीं ४. दर १०० ग्रॅम पिठास एक अंडें, हें बोलोन्याकडील प्रमाण लक्षांत ठेवण्यास सोपें आहे.

गोळ्यांसाठीं: खिमा ४०० ग्रॅम, कडा काढलेला शिळा पाव १०० ग्रॅम, तो भिजण्यापुरतें दूध, अंडें १, किसलेलें पार्मेसान चीज ५० ग्रॅम, लसणीची एक पाकळी, थोडी चिरलेली पार्सली, मीठ व मिरपूड. इटलींत गाईचें व डुकराचें मांस मिसळून घेतात. आपल्याकडे बोकडाच्या खिम्याचे गोळेही उत्तम होतात.

रश्शासाठीं: पिकलेले टोमॅटो ८०० ग्रॅम, ऑलिव्ह तेल तीन मोठे चमचे, एक कांदा, लसणीच्या दोन पाकळ्या, मीठ.

प्रथम रस्सा चढवावा, कारण त्याला वेळ लागतो पण लक्ष थोडें लागतें. कांदा व लसूण तेलांत मंद आंचेवर मऊ करून टोमॅटो घालावेत व रस्सा दाट होईपर्यंत रटरटूं द्यावा. टोमॅटो हें फळ मूळचें अमेरिका खंडांतील. तें सोळाव्या शतकांत युरोपांत आलें. आज ज्याच्यावांचून इटालियन स्वयंपाकाची कल्पना करवत नाहीं, तो पदार्थ एके काळीं तेथें परकाच होता.

रस्सा शिजत असतां पीठ मळावें. ओट्यावर पिठाचें आळें करून त्यांत अंडीं फोडावींत, कांट्यानें हळूहळू पीठ आंत ओढावें, आणि मग तळहाताच्या जोरानें दहा मिनिटें मळावें. पाणी घालूं नये. कणीक प्रथम खरखरीत लागते; पुढें ती गुळगुळीत व लवचिक होते. ह्याचें कारण असें कीं, गव्हांत ग्लायडिन व ग्लुटेनिन अशीं दोन प्रथिनें असतात. ओलावा मिळून मळणी झाली म्हणजे तीं एकमेकांत गुंतून ग्लुटेनचें चिवट जाळें तयार होतें. हें जाळें मळल्यावर ताणलेलें असतें. म्हणून कणीक झांकून निदान अर्धा तास ठेवावी. तेवढ्या वेळांत ताण सैल होतो, आणि पोळी आंखडत नाहीं. आमच्या पहिल्या दिवशींची चूक हीच होती. विसांवा हा आळस नव्हे. तो कामाचाच एक भाग आहे, हें कणकेनें आम्हांला शिकविलें.

ह्या अर्ध्या तासांत गोळे करावेत. शिळा पाव दुधांत भिजवून पिळून कुस्करावा व इतर साहित्यासह खिम्यांत मिसळावा. मांसांतील प्रथिनें उष्णतेनें आकसून आंतील रस बाहेर ढकलतात. मध्यें भिजलेला पाव असला म्हणजे हें आकसणें कमी होतें, व सुटलेला रस पाव शोषून ठेवतो. म्हणजे काटकसरीसाठीं घातलेला पावच गोळा मऊ ठेवतो. मिश्रण फार मळूं नये; मळणीनें कणीक सुधारते, पण खिमा घट्ट होतो. अक्रोडाएवढे गोळे हलक्या हातानें वळावेत व थोड्या तेलांत सर्व बाजूंनीं तांबूस करावेत. ह्या तांबूसपणामुळें जी चव येते, तिच्यामागील रासायनिक क्रियेचें वर्णन लुई कामीय मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं प्रथम केलें, आणि ती आज त्याच्याच नांवानें ओळखली जाते. मग गोळे रश्शांत सोडून वीस ते पंचवीस मिनिटें शिजवावेत. खिमा आंतून कच्चा राहतां कामा नये. गोळ्याच्या मध्यभागीं ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोंचली पाहिजे. कच्च्या खिम्यास लागलेले हात, पाट व सुरी साबणानें धुतल्यावांचून दुसऱ्या कामास लावूं नयेत.

आतां कणीक लाटावी. बोलोन्याकडील स्त्रिया ह्यासाठीं हातभराहून लांब लाटणें वापरतात. आपण कणकेचे चार भाग करून पोळपाटावर लाटल्या तरी चालेल. पोळी इतकी पातळ व्हावी कीं, तिच्याखालून बोटांची सांवली दिसावी. तिला थोडा वारा लागूं द्यावा, पीठ भुरभुरून सैल गुंडाळी करावी, आणि धारदार सुरीनें पट्ट्या कापाव्यात.

पट्टी किती रुंद असावी? येथें गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं एक गंमत आहे. बोलोन्या शहरांत आसिनेल्ली नांवाचा ९७.२ मीटर उंचीचा प्राचीन मनोरा आहे. १९७२ सालीं त्या शहराच्या व्यापारी मंडळांत ताल्यातेल्लेचें अधिकृत माप नोंदविण्यांत आलें, तें असें: शिजलेल्या पट्टीची रुंदी मनोऱ्याच्या उंचीच्या १२,२७० व्या भागाइतकी असावी. भागाकार करून पाहा. उत्तर ८ मिलिमीटरांच्या अगदीं जवळ येईल. पट्टी शिजतांना फुगते, म्हणून कापतांना ती किंचित् अरुंद ठेवावी.

मोठ्या पातेल्यांत चार लिटर पाणी खळखळून उकळावें व त्यांत सुमारें ४० ग्रॅम मीठ घालावें. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो. तो उकळत्या पाण्यांतच टाकावा, थंड पाण्यांत टाकल्यास चिकटून लगदा होतो. उपसण्यापूर्वीं त्या पाण्याची एक वाटी काढून ठेवावी. त्यांत उतरलेल्या पिष्टामुळें रस्सा पास्त्याला नीट धरून राहतो. रस्सा, पास्ता व थोडें हें पाणी एकत्र हलवून वर गोळे व किसलेलें चीज घालून लगेच वाढावें.

ज्या घरीं मांस वर्ज्य आहे, त्यांनींही निराश होऊं नये. अब्रुत्सोमध्येंच शिळा पाव, चीज व अंडीं ह्यांचे गोळे टोमॅटोच्या रश्शांत शिजविण्याची जुनी पद्धत आहे. अंडेंही चालत नसेल, तर दक्षिण इटलीप्रमाणें कठीण गव्हाचा बारीक रवा कोमट पाण्यांत मळावा व नुसत्या रश्शाबरोबर खावा.

दुसऱ्या खेपेस आमच्या घरीं काम कसें चाललें, तें सांगून हा लेख संपवितों. साडेसहा वाजतां वडिलांनीं रस्सा चढविला, त्याच वेळीं बहिणीनें पीठ मळावयास घेतलें. पावणेसातांस कणीक झांकून ठेविली; आईनें खिमा मिसळला, आणि आम्हीं व धाकट्या भावानें गोळे वळले. त्याचे कांहीं लिंबाएवढे, तर कांहीं बोराएवढे झाले. कोणी त्याला टोंकलें नाहीं, मोठे मात्र कांहीं वेळ अधिक शिजूं दिले. सातांस गोळे तव्यावर गेले व तेथून रश्शांत. सव्वासातांस आम्हीं लाटणें हातीं घेतलें, बहीण पट्ट्या कापूं लागली, आणि वडिलांनीं शेजारच्या शेगडीवर पाणी ठेविलें. बरोबर आठ वाजतां सर्व पानें एकदम वाढलीं.

एकट्या माणसाला जें काम रात्रीं साडेदहापर्यंत पुरलें, तेंच पांच जणांनीं दीड तासांत, हंसत खेळत उरकलें. पण आमच्या लक्षांत राहिली ती वेळेची बचत नव्हे. आई आमच्याबरोबरच पानावर बसली, पहिला घांस घेऊन क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "किती दिवसांनीं मला ऊन ऊन जेवण मिळालें!" आम्ही सारे खालीं मान घालून जेवूं लागलों.

विद्यार्थिमित्रहो, पास्ता करा वा भाकरी करा, त्याचें फारसें महत्त्व नाहीं. परंतु आज संध्याकाळीं घरीं जाल, तेव्हां "झालें का?" असें विचारण्यापूर्वीं "मी काय करूं?" असें एकदां विचारून पाहा. पालकांसही आमची नम्र विनंति आहे कीं, मुलानें हा प्रश्न विचारल्यास "जा, अभ्यास कर" असें म्हणून त्याला परत पाठवूं नये. हाही अभ्यासच आहे.