प्रेमपत्राचा विषाणू

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या विषाणूंवर लिहावे, हे विज्ञानशाखेच्या मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. पण हा विषय आमच्या घरात शिरला तो पत्रिकेच्या रूपाने. गेल्या लग्नसराईत बाबांच्या मोबाइलवर ओळखीच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. बाबांनी ती उघडली, मोबाइलने विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' म्हटले, आणि संध्याकाळपर्यंत खात्यातून १८,००० रुपये गेले. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे होती. म्हणजे ती पत्रिका नव्हतीच, ते एक ॲप होते. संदेश वाचण्याची परवानगी मिळताच त्याने बँकेचे ओटीपी परस्पर पळवले. दादा म्हणाला, "बाबा, तुम्ही न बघता उघडलीतच कशी?" बाबा गप्प बसले. तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी थोडे वाचन केले.

या युक्तीचे मूळ फार जुने निघाले. ४ मे २००० रोजी जगभरच्या कचेऱ्यांत 'आय लव्ह यू' या विषयाची ई-मेल येऊन पडली. सोबत 'लव्ह-लेटर-फॉर-यू' नावाची फाइल. नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' आणि त्यापुढे 'व्हीबीएस' अशी दोन शेपटे होती. विंडोज मात्र परिचित शेपूट आपणहून लपवीत असे. त्यामुळे वाचणाऱ्याला दिसे साधा मजकूर, आणि प्रत्यक्षात होती ती चालू होणारी आज्ञावली. उघडताच ती आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला स्वतःची प्रत धाडी. म्हणजे पुढच्याला हे प्रेमपत्र ओळखीच्याच माणसाकडून येई! छायाचित्रांच्या फाइलींवर ती स्वतःलाच लिहून टाकी. गाण्यांच्या फाइली नुसत्या लपवी. (एवढी रसिकता कशासाठी, हे मला उमगले नाही.) ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल बंद ठेवावी लागली.

कर्ता निघाला मनिलाचा ओनेल दे गुझमान, संगणकाचा विद्यार्थी. इंटरनेटचे पासवर्ड चोरण्याविषयीचा त्याचा प्रबंध महाविद्यालयाने नाकारला होता. फिलिपाइन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याला कायदाच नव्हता. जूनमध्ये तो झाला, पण मागील तारखेपासून लावता येईना. खटला सोडून द्यावा लागला.

इथवर दादाचेच म्हणणे खरे वाटेल: उघडणाराच चुकला. परंतु पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००१ मध्ये, 'निम्डा' आला. इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्ये असा दोष होता की, जोडलेली फाइल ध्वनीची आहे असे पत्रात खोटे लिहिले की तो ती न विचारता चालू करी. आउटलुकला पत्र दाखवायला त्याच ब्राउझरचे अंग वापरावे लागे. म्हणून पत्र नुसते नजरेखालून गेले तरी पुरे, फाइल उघडायची गरजच नव्हती. या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता; तो असंख्य यंत्रांवर बसवलाच गेला नव्हता. येथे वाचणाऱ्याला दोष कसा द्यायचा? आणि शेपूट लपवणाऱ्या यंत्राने प्रेमपत्रातही निम्मे काम चोराचेच केले नव्हते काय?

हे सारे मी दादाला सांगितले. तो एवढेच म्हणाला, "माझ्याही मोबाइलवर फाइलचे पूर्ण नाव दिसत नाही."

बाबा आता आलेली प्रत्येक पत्रिका उघडण्यापूर्वी त्याला फोन करतात. गेल्या महिन्यात त्याचा फोन लागला नाही, आणि मामेबहिणीचा साखरपुडा आमच्या घरच्यांकडून हुकला.