लांडगीचं वय आणि फाउंड्रीची साक्ष

पॅटर्न, मोल्ड, कोअर, रायझर हे सगळं आपण फाउंड्रीच्या जर्नलमध्ये लिहितो आणि व्हायवा झाला की विसरतो. पण याच ज्ञानामुळे रोममधल्या एका जगप्रसिद्ध पुतळ्याचं वय सुमारे दीड हजार वर्षांनी कमी झालं! हे वाचल्यापासून मला तरी हा विषय कोरडा वाटत नाही.

हा पुतळा म्हणजे कॅपिटोलाइन म्युझियममधली ब्राँझची लांडगी. उंची साधारण ७५ सेंमी. रोम वसवणाऱ्या रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांना लांडगीने दूध पाजलं, अशी दंतकथा आहे. (पुतळ्याखालची बाळं मात्र पंधराव्या शतकात बसवलेली.) अठराव्या शतकात विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने तिच्या केसांची घडण पाहून हे काम एट्रस्कन लोकांचं ठरवलं. पुढे पुस्तकांतून इ.स.पू. पाचवं शतक हाच काळ छापला गेला.

एट्रस्कन लोक रोमच्या उदयाआधी मध्य इटलीत, आजच्या तस्कनीच्या परिसरात भरभराटीला आले. तांबं आणि लोखंड त्यांना घरचंच. ब्राँझचे आरसे, दिवे, शिरस्त्राणं, मूर्ती बनवण्यात ते तरबेज. त्यांचे ग्रंथ जवळजवळ सगळे नष्ट झाले, त्यामुळे अशा वस्तू हाच मोठा पुरावा. म्हणूनच वस्तूचा काळ चुकला, तर इतिहासही चुकतो.

त्यांची रीत मेण वितळवून ओतण्याची. मातीच्या कोअरवर मेणात मूर्ती घडवायची, वरून पुन्हा मातीचा थर द्यायचा. तापवलं की मेण बाहेर, आणि त्या पोकळीत तांबं-कथिलाचा रस. १५५३ साली आरेझो इथे सापडलेला 'किमेरा' (सिंहाचं धड, पाठीवर बोकडाचं डोकं, शेपटीला साप) याच रीतीने केलेला. त्याच्या पुढच्या उजव्या पायावर तिनिया देवाला अर्पण केल्याचा एट्रस्कन लेख आहे.

आता लांडगीकडे येऊ. १९९७ पासून तिची डागडुजी करताना अ‍ॅना मारिया कारुबा यांच्या लक्षात आलं, की ती एकसंध ओतलेली आहे. प्राचीन कारागीर मोठे पुतळे तुकड्यांत ओतून मग जोडत. कारण आपल्याला माहीतच आहे : ओतकाम मोठं असेल तर रस सगळीकडे पोचण्याआधीच थिजण्याची भीती. तुकडा बिघडला, तर तेवढाच पुन्हा ओतता येतो. मोठी वस्तू एका दमात ओतण्याचं तंत्र मध्ययुगात, घंटा ओतताना पक्कं झालं. कारुबांनी २००६ मध्ये हे मांडलं तेव्हा मोठा वाद झाला. पुढे कोअरमधल्या सेंद्रिय अवशेषांच्या कार्बन डेटिंगने अकरावं-बारावं शतक दाखवलं. काही अभ्यासकांना हे अजूनही पटलेलं नाही, पण पुराव्याचं पारडं मध्ययुगाकडे झुकलं आहे.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी म्युझियममध्ये ब्राँझचा पुतळा दिसला, तर चेहरा पाहून पुढे जाऊ नका. जोड कुठे आहे, रस कुठून ओतला असेल, ते शोधा. तेवढं शिक्षण आपल्याला मिळालेलं आहे!